नायिकेचा निर्णय

बडोद्याच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरवर, महीच्या अलीकडे सावली हे गाव आहे. आज ते गुजराती भाषेचे एक तालुक्याचे ठाणे म्हणून ओळखले जाते. परंतु मराठ्यांच्या इतिहासात त्याचे स्थान निराळे आहे. १७३२ साली गुजराथचा मोगल सुभेदार, जोधपूरचा अभयसिंग, याच्या मारेकऱ्यांनी डाकोर येथे पिलाजीराव गायकवाडांचा घात केला. त्यांचा देह सावलीस आणून तेथे त्यास अग्नी देण्यात आला. गायकवाडांच्या घराण्याचा मूळ पुरुष अशा रीतीने या लहानशा गावी विसावला.

या घटनेनंतर जे घडले त्यातील मुख्य पात्र एक स्त्री होती. पिलाजीराव हे सेनापती दाभाड्यांचे सरदार. आदल्याच वर्षी, १७३१ साली, डभईच्या रणात बाजीराव पेशव्यांच्या सैन्याशी लढताना सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले होते. त्यांच्या मातोश्री उमाबाई यांनी धाकट्या यशवंतरावाच्या नावाने दौलतीचा भार उचलला होता. पिलाजीरावांच्या वधाची वार्ता ऐकताच उमाबाईंनी फौजा जमविल्या, दमाजी गायकवाड व कंठाजी कदम बांडे यांस बरोबर घेतले आणि थेट अहमदाबादेवर चाल केली. अभयसिंगास अखेर तहास यावे लागले. सावलीच्या चितेचा जाब विचारावयास एक विधवा फौजेनिशी गेली, ही गोष्ट मराठी मनास कधी अस्वाभाविक वाटली नाही. जिजाबाई, ताराबाई, उमाबाई, अहिल्याबाई या मालिकेचा अभिमान महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या बाळगला आहे.

मग एक प्रश्न सहज उभा राहतो. ज्या समाजाने स्त्रीच्या हाती तलवार पाहिली आणि राज्याचा कारभार पाहिला, त्या समाजाच्या कथा-कादंबऱ्यांत स्वतःच्या प्रीतीविषयी स्वतः निर्णय घेणारी नायिका येण्यास इतका विलंब का लागला? उत्तर उमाबाईंच्या चरित्रातच आहे. त्यांनी शस्त्र उचलले ते पुत्राच्या नावाने व घराण्याच्या लौकिकासाठी. मातेचे, पत्नीचे, विधवेचे कर्तृत्व मान्य होते; कारण ते दुसऱ्या कोणासाठी होते. स्वतःसाठी काही इच्छिणारी स्त्री ही निराळीच व्यक्ती होय, आणि प्रेमकथेत नेमकी तिचीच गरज असते.

मराठी कादंबरीच्या आरंभकाळी ही अडचण एका लेखकाने मोकळेपणाने सांगितली आहे. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली निघाली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी असा आशय मांडला की, आम्हा हिंदूंच्या विवाहाच्या रीतीमुळे आमच्या आयुष्यात चित्तवेधक असे गुणही आढळत नाहीत व अवगुणही आढळत नाहीत, त्यामुळे कादंबरीकाराची पंचाईत होते. वरवर पाहता ही कारागिराची तक्रार आहे. परंतु तिच्यात समाजाचा कबुलीजबाब दडलेला आहे. आठव्या-दहाव्या वर्षी जिचे लग्न लागते, तिला निवडावयाचे काय उरते? आणि निवड नसेल तर कथा कशाची लिहावयाची? म्हणून रिसबुडांनी राजकन्यांचा अद्भुत मुलूख धुंडाळला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ त्यापूर्वी, १८६१ साली, निघाली होती. तिच्यातील नायिकेचा मुख्य गुण संकटे सोसण्याचा. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटना’त विधवांची दुःखे मांडली खरी, पण त्या वाटेने कादंबरीस बराच काळ कोणी नेले नाही.

१८८२ या वर्षी दोन गोष्टी घडल्या. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ त्या वर्षी रंगभूमीवर आले. बलरामदादाने सुभद्रेसाठी दुर्योधन ठरविला आहे आणि तिचे मन अर्जुनावर जडले आहे. प्रेक्षकांची सारी सहानुभूती सुभद्रेकडे, आणि शेवटी तिचे मनोगतच सिद्धीस जाते. परंतु ते सिद्धीस नेतो कृष्ण. एका भावाने लादलेले लग्न दुसऱ्या भावाच्या युक्तीने टळते. सुभद्रेची इच्छा नाटकाचा आत्मा आहे, पण निर्णय तिच्या हाती नाही. त्याच वर्षी पुण्यात ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध छापला गेला. बुलढाण्याच्या या बाईंनी त्यात विधवांस होणाऱ्या शिक्षेचा जाब तर विचारलाच. शिवाय त्या काळच्या कथा-नाटकांत बायकांचे जे चित्र रंगविले जाई त्याचाही समाचार घेतला. बायका कपटी, बायका चंचल, असे लिहिणाऱ्या पुरुषांनी आपला आरसा पाहावा, असा त्यांचा रोख होता. ‘सौभद्र’ गावोगाव गाजले. ताराबाईंच्या पुस्तकाकडे पुढील जवळजवळ एक शतक फारसे कोणी लक्ष दिले नाही.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात ‘पण लक्ष्यांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः दिली, तेव्हा मराठी नायिका प्रथमच आपल्या तोंडाने बोलू लागली. यमूचे लग्न तिला न विचारता झालेले आहे. तथापि नवरा, रघुनाथराव, सुशिक्षित व प्रेमळ निघतो. मुंबईच्या बिऱ्हाडी तो तिला शिकवितो, तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. निवडीने न झालेल्या लग्नात प्रीती कशी उगवते याचे ते चित्र फार सुंदर आहे. पण रघुनाथराव अकाली जातो, आणि यमूस मिळालेले सारे काही एका दिवसात नाहीसे होते. घरची माणसे बळजबरीने तिचे केशवपन करवितात. जे स्वातंत्र्य नवऱ्याने दिले ते नवऱ्याबरोबर गेले. ते तिचे नव्हतेच, उसने होते. हरिभाऊंनी हा निष्कर्ष शब्दांनी सांगितला नाही. कथानकाने सांगितला, म्हणूनच तो जिव्हारी लागतो.

सावलीच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या गुजराती भाषेतही याच सुमारास हाच प्रश्न उभा होता. गोवर्धनराम त्रिपाठी यांच्या ‘सरस्वतीचंद्र’ या कादंबरीचा पहिला भाग १८८७ साली व चौथा १९०१ साली निघाला. कुमुद ही सरस्वतीचंद्राची वाग्दत्त वधू. तो घर सोडून निघून जातो आणि तिचे लग्न प्रमादधनाशी लावले जाते. पुढे ती विधवा होते, पुन्हा दोघांची गाठ पडते, मनेही जुळलेली असतात. परंतु कुमुद स्वतःच पुढाकार घेऊन आपली धाकटी बहीण कुसुम हिचे त्याच्याशी लग्न जुळविते. कुसुमला तर अविवाहित राहण्याची हौस होती. येथे नायिका निर्णय घेते हे खरे, पण तिला मोकळा असलेला एकच निर्णय म्हणजे त्यागाचा. मराठी यमू आणि गुजराती कुमुद या दोघी एकमेकींच्या भगिनी शोभतात.

या ठिकाणी एक गोष्ट विसरता कामा नये. सावलीच्या आसपासच्या शेतांत राबणाऱ्या बायकांस ही सारी कोंडी याच रूपाने ठाऊक नव्हती. गुजराथेतील अनेक श्रमजीवी जातींत नातरे आणि महाराष्ट्रात पाट, मोहतर व काडीमोड या चाली जुन्या आहेत. तेथे विधवेस दुसरे घर करता येई आणि न पटणारे लग्न मोडताही येई. त्या जीवनातही जातपंचायतीचा धाक होता, देण्याघेण्याचे तंटे होते, आणि बाईच्या मताला नेहमीच मान मिळे असे नव्हे. तरीदेखील एक भेद उघड आहे. तेथील स्त्री दोन हातांनी मिळविणारी होती, आणि मिळविणाऱ्या हाताला कायमचे कोंडून ठेवणे घराला परवडत नसे. कादंबरी लिहिणारा वर्ग मात्र पांढरपेशा होता. त्याच्या घरची स्त्री पै मिळवीत नव्हती आणि त्यामुळे तिला उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवावयास जागा नव्हती. कथेतील नायिकेची पराधीनता ही सर्व स्त्रियांची म्हणून सांगितली गेली. वस्तुतः तिचे एक मूळ अर्थार्जनाच्या अभावात होते. हे मूळ मराठी कथेला सापडावयास आणखी चाळीस वर्षे लागली.

मध्यंतरी कथेच्या पुढे कायदा धावू लागला, आणि तो बडोद्यात धावला. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने म्हाताऱ्या भुजंगनाथास विकली जाणारी कोवळी शारदा पाहून प्रेक्षक हळहळले. तिची सुटका होते ती कोदंडासारख्या तरुणाच्या धडपडीने; बापाला नाही म्हणण्याचा अधिकार तिला नाटकातही नाही. सयाजीराव महाराजांनी आपल्या राज्यात १९०१ साली विधवाविवाहाचा व १९०४ साली बालविवाह प्रतिबंधाचा कायदा केला. या दुसऱ्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय किमान बारा ठरले. आज ते फारच थोडे वाटेल. पण ब्रिटिश हिंदुस्थानात तसा कायदा यावयास १९२९ साल उजाडावे लागले. तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाचा. मराठीत मात्र त्यास ‘शारदा कायदा’ म्हणू लागले. देवलांची शारदा लोकांच्या मनात किती रुजली होती हे त्या नावाच्या सरमिसळीवरून समजते.

१९०६ साली बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण मुलामुलींस सक्तीचे झाले. १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आले आणि राज्यभर वाचनालयांची योजना सुरू झाली. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. सावली हा बडोदे प्रांतातील एक महाल. अशा महालाच्या गावी शाळेत गेलेली मुलगी आणि पेटीतून आलेले पुस्तक यांची भेट आता शक्य झाली. नायिकेला वाचक मिळाली, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात लहान नव्हे. ज्या गोष्टीवर हळहळावयाचे, तिच्याविषयी आपले मत बनविणारी एक नवी बाई तयार होत होती.

१९११ साली बडोद्याच्या राजवाड्यातच या प्रश्नाची दोन रूपे प्रकटली. महाराणी चिमणाबाई यांनी एस्. एम्. मित्र यांच्या सहकार्याने हिंदी स्त्रीच्या स्थितीविषयी एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. देशोदेशींच्या स्त्रिया कोणकोणते व्यवसाय करतात व ते येथे कसे सुरू करता येतील, याचा त्यात विचार आहे. म्हणजे उपजीविकेचा धागा महाराणींच्या हाती सापडला होता. त्याच वर्षी त्यांच्या कन्या इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेला विवाह, स्वतः त्यांस पत्र लिहून, मोडला. कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्यावर त्यांचे मन बसले होते. जो राजा प्रजेच्या मुलींसाठी कायदे करीत होता, त्यास आपल्या मुलीचा हा निर्णय स्वीकारणे कठीण गेले. आईनेही विरोध केला. १९१३ साली लंडनमध्ये विवाह झाला, तेव्हा आईबाप उपस्थित नव्हते.

आणि रंगभूमीवर त्या १९११ साली काय चालले होते? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ त्याच वर्षी मार्चमध्ये आले. श्रीमंत घरची भामिनी वडिलांनी योजिलेल्या धैर्यधरास, तो द्रव्यहीन सैनिक म्हणून, नाकारते. तिच्या नकारातच नाटकाचा आरंभ आहे. परंतु त्या नकाराचे पुढे अनुतापात रूपांतर होते आणि वनमालेच्या वेषाने जवळून पाहिल्यावर ती त्याच धैर्यधरावर अनुरक्त होते. खाडिलकरांस शौर्याची थोरवी सांगावयाची होती, आणि ती त्यांनी बहारीने सांगितली. तथापि नायिकेचा नकार ही चूक ठरली आणि वडिलांची निवड बरोबर ठरली, हेही खरे. बडोद्याच्या राजकन्येने नकार दिला व तो फिरविला नाही. भामिनीची भूमिका करीत होते बालगंधर्व. त्यांच्या लुगड्याची नेसण व दागिन्यांची ठेवण घरोघरच्या स्त्रिया उचलीत. नायिका पुरुषाने लिहिलेली, पुरुषाने सादर केलेली, आणि स्त्रियांनी अनुकरण केलेली, असा तो प्रकार होता. बालगंधर्वांची कला अलौकिक होती यात शंका नाही. पण तिच्यामुळे स्त्रीचे स्वतःचे चित्र पुरुषाच्या नजरेतून स्त्रीकडे परत येत होते.

त्याआधी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बडोद्यात एक सत्यकथा घडून गेली होती. दरबारगायक अब्दुल करीमखाँ यांच्याकडे सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई गाणे शिकत. गुरु-शिष्येचे मन जुळले, आणि दोघांनी बडोदे सोडून विवाह केला. धर्म, दर्जा, घराणे यांची सारी कुंपणे ताराबाईंनी ओलांडली. कादंबरीकाराने येथे ‘समाप्त’ लिहिले असते. परंतु १९२२ साली ताराबाई मुलांसह विभक्त झाल्या, आणि पाचही मुलांस त्यांनी स्वतःच्या बळावर उभे केले. मुलांनी आईकडचे माने हे आडनाव घेतले. थोरल्या कन्या हिराबाई यांनी ‘बडोदेकर’ हे नाव लावून गाण्याच्या जाहीर मैफली केल्या आणि ज्या रंगभूमीवर पुरुष नायिका होत असत तेथे स्वतः स्त्रीभूमिका केल्या. प्रीतीसाठी घर सोडणारी आणि पुढे तेही घर सोडून आपल्या बळावर उभी राहणारी अशी नायिका त्या काळच्या एखाद्या मराठी लेखकाने रंगविली असती, तर ती असंभवनीय ठरली असती.

वामन मल्हार जोशी यांनी १९१५ च्या सुमारास ‘रागिणी’त स्त्रीच्या हक्कांची चर्चा प्रत्यक्ष नायिकांच्या तोंडी घातली, उत्तरेसारखी वाद करणारी स्त्री मराठी कादंबरीस नवीन होती. त्यानंतर ना. सी. फडके यांच्या पिढीने कॉलेजातील तरुणी आणली. ती बोले-चाले मोकळेपणाने, मनपसंत वर निवडी, आईबापांस पटवी. निर्णय तिच्या हाती आला होता. परंतु तिची पदवी बहुधा गळ्यातील दागिन्यासारखी असे. लग्न झाले की ती पेटीत जाई. पोटासाठी नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या प्रीतीचे काय होते, हे विचारावयास त्या कथांना सवड नव्हती.

ते १९३३ साली विचारले गेले. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह त्या वर्षी बाहेर आला आणि महाराष्ट्रात गहजब उडाला. निषेधाच्या सभा झाल्या. ही लेखिका कोण, स्त्री की पुरुष, याचे तर्क चालले. त्या होत्या बाळूताई खरे, पुढील मालती बेडेकर. शिकलेल्या, मिळवत्या, वय वाढत चाललेल्या कुमारिका या कथांत आहेत. कोठे मुलीच्या पगारावर घर चालते, म्हणून तिच्या लग्नाची घाई घरास नसते. कोठे प्रेम करणारा पुरुष तिची विद्या वाखाणतो आणि लग्न मात्र दुसरीशी करतो. अर्थार्जनाने स्त्री आपोआप मुक्त होत नाही, हे कडू सत्य या कथांनी सांगितले. आणि त्याचबरोबर अर्थार्जनावाचून प्रीतीतील कोणताही निर्णय पोकळ आहे, हेही सांगितले. त्याच वर्षी ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचे. विवाहापूर्वीच्या शुद्धतेचा जो नियम मुलीस, तोच मुलास का नाही, असे त्यातील बिंबा विचारते. आणि ते विचारणारी नटी ज्योत्स्ना भोळे ही खरोखरीची स्त्री होती.

विभावरीबाईंच्या पुढच्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीतील अचला नवऱ्यापासून दूर राहणारी आहे. तिचे दुसऱ्या पुरुषावर प्रेम आहे, तिला मूल हवे आहे, आणि लग्नाच्या जुन्या बंधनातून सुटण्याचा मार्ग कायद्यात नाही. ही कादंबरी १९३४ ची. त्या वेळी मुंबई इलाख्यातील हिंदू स्त्रीस घटस्फोटाचा कायदा उपलब्ध नव्हता. तो १९४७ साली आला, आणि सर्व देशास १९५५ साली मिळाला. बडोदे राज्यात मात्र १९३१ पासून छळ, त्याग अशा कारणांवरून घटस्फोट मागता येत होता. म्हणजे वाङ्मयात ज्या प्रसंगाने वादळ उठले, त्यावरचा उपाय सावलीच्या स्त्रीस कागदोपत्री तरी तीन वर्षे आधीच मोकळा होता. किती जणींनी त्याचा लाभ घेतला असेल हा भाग निराळा. कोर्टाची पायरी चढावयास पाठीशी माहेर लागते किंवा गाठीशी पैसा लागतो, आणि पांढरपेशा घरच्या बाईजवळ यांपैकी एकही गोष्ट क्वचितच असे. अचलेचा हिंदोळा केवळ कायद्याने थांबणारा नव्हता.

अशा रीतीने मराठी नायिकेचा प्रवास पाहिला म्हणजे तिला एकेक गोष्ट सुटी सुटी मिळाली असे दिसते. प्रथम तिला शौर्य मिळाले, पण ते घराण्यासाठी. मग प्रीती मिळाली, पण निर्णय कृष्णाचा अथवा कोदंडाचा. नंतर निर्णय मिळाला, पण त्याखाली उपजीविकेची भूमी नव्हती. या सर्वांचा एकत्र हिशेब मांडला गेला तो स्त्रीने स्वतः लेखणी हाती घेतल्यावर. पुढे गौरी देशपांडे यांच्यासारख्या लेखिकांच्या कथांत, नवरा व मुले असूनही आपले एकटेपण जपणारी नायिका आली. तिच्यावरही टीका झाली. परंतु ती कोणाच्या परवानगीने बोलत नव्हती.

१९४९ साली बडोदे संस्थान विलीन झाले. सयाजीरावांचे कायदे देशाच्या कायद्यांत मिसळून गेले. सावलीस पिलाजीरावांची आठवण राहिली आहे. त्या आठवणीबरोबर उमाबाईंची मोहीमही स्मरणात ठेवणे उचित होईल. पुत्राच्या राज्यासाठी फौज घेऊन निघालेल्या त्या बाईंस स्वतःसाठी काय हवे होते, हे कोणा बखरकाराने विचारले नाही. तो प्रश्न विचारण्यास मराठी वाङ्मयास दोनशे वर्षे लागली.